१७ टँकर आणि जिलेबीचा रंग

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीत १७ टँकर आले. एक टँकर १०,००० लिटरचा, १,४०० रुपयांना. म्हणजे महिन्याला २३,८०० रुपये, २४ फ्लॅटमागे प्रत्येकी जवळजवळ हजार. खजिनदार मी, त्यामुळे जिन्यात भेटेल तो "काय हो, पुन्हा टँकर?" असं मलाच विचारायचा, जणू ते पाणी मी एकट्याने प्यालो होतो.

इमारत पुण्यात, सिंहगड रस्त्याला, तीसेक वर्षांची. खाली पार्किंग, वर चार मजले, ए आणि बी अशा दोन विंग, विंगेत प्रत्येक मजल्यावर तीन फ्लॅट. राहणारी माणसं ८६. हा आकडा मी दारोदार फिरून मोजला, कारण सोसायटीच्या रजिस्टरात तो भलताच निघत होता. महापालिकेचं पाणी पहाटे जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून दोन हॉर्सपॉवरचा पंप ते गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढवतो आणि मग ते आपल्या वजनाने घराघरांत उतरतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते. पाणी जपून वापरा की उधळा, तो आकडा हलत नाही. त्यामुळे नासाडीची पावती कुठेच फाटत नाही आणि कुणाला काही मोजावंसं वाटत नाही. फाटते ती टँकर सुरू झाले की, आणि तोवर सगळ्यांचं एकमत झालेलं असतं की यंदा उन्हाळा लवकर आला.

आमच्याकडेही तसंच झालं. फेब्रुवारीत ११ टँकर लागले तेव्हा उन्हाळ्याला दोष दिला. मार्चमध्ये १७ झाले तेव्हा माणसांना द्यायला सुरुवात केली. रविवारच्या सभेत तीन आरोपी ठरले. पहिले, तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे पाईप लावून गाडी धुतात. दुसरा, बी विंगेतला पहिल्या मजल्यावरचा एक स्वयंपाकघरातला नळ, जो सहा महिने टपकतोय आणि ज्याची टपटप डक्टमधून सगळ्यांना ऐकू येते. तिसरे वॉचमन मामा, ते पंप लावून विसरतात म्हणून. पाऊण तास आवाज चढले, ठराव एकही झाला नाही. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, की यातलं कुणी किती पाणी खातं हे यातल्या एकालाही माहीत नाही. ती म्हणाली, "मग मोज की. खजिनदार आहेस ना?"

काठी

मीटर आमच्याकडे चालू स्थितीत नव्हता. मग बांबूची एक काठी घेतली, पांढऱ्या रंगाने रंगवली आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या रेघा मारल्या. जमिनीखालची टाकी आतून ४ मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर हललं की १०० लिटर. गच्चीवरच्या टाक्या ३ बाय २ मीटरच्या, तिथे एका सेंटिमीटरला ६० लिटर. झाकण उघडायचं, काठी सरळ बुडवायची, ओली रेघ वाचायची. टाकीत उतरायचं नाही, झाकणाशी लहान मुलं येऊ द्यायची नाहीत, आणि पंप बंद असताना वाचायचं.

एक आठवडा रोज पहाटे उठलो. आठवडाच का, तर आपल्याकडे देखभालीची कामं निघाली की बहुधा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी ते कमी दाबाने, कधी गढूळ येतं. दोन दिवसांच्या मापावर काही ठरवलं असतं तर फसलो असतो. महापालिकेचं पाणी सरासरी रोज १२,८०० लिटर येत होतं. टँकरचे रोजचे सुमारे ५,७०० त्यात मिळवले की झाले साडेअठरा हजार. ८६ माणसांत माणशी २१५ लिटर.

भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी केंद्राचा निकष आहे माणशी रोज १३५ लिटर. त्या हिशेबाने आम्हाला ११,६१० लिटर पुरायला हवे होते. म्हणजे एकट्या महापालिकेच्या पाण्यात भागून वर हजारेक लिटर उरायला हवे होते. रोज सहा-सात हजार लिटर कुठेतरी जात होते. गाडी धुण्याचा पाईप मी बादलीने मोजला: मिनिटाला १५ लिटर, दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. आठवड्याला ३०० लिटर. त्या टपकणाऱ्या नळाखाली रात्रभर पातेलं ठेवलं, आठ तासांत ४ लिटर, दिवसाला १२. या दोघांच्या नावाने सभेत इतकी आदळआपट झाली होती, आणि दोघांचं मिळून रोज ६० लिटरही होत नव्हतं.

यात नळाला निर्दोष म्हणायचं नाही. पण टपकणं दिसतं, ऐकू येतं, रात्री झोप उडवतं, म्हणून त्याच्यावर राग निघतो. हजारांनी पाणी जातं तिथे आवाज नसतो.

रात्री एक ते चार

मग रात्रीची चाचणी. रात्री एकला दोन्ही गच्चीवरच्या टाक्यांची पातळी वाचली, पहाटे चारला पुन्हा. मधल्या वेळात पंप बंद. या तीन तासांत कुणी कपडे धूत नाही, कुणी आंघोळ करत नाही. एका विंगेत फार तर दहा जण उठून फ्लश करतील, जुनी टाकी दहा लिटरची धरली तर १०० लिटर.

बी विंगेची टाकी दोन सेंटिमीटर उतरली. १२० लिटर. ठीक.

ए विंगेची नऊ सेंटिमीटर उतरली. ५४०. त्यातले १०० माणसांचे म्हणून सोडून दिले तरी तासाला सुमारे १४७ लिटर, दिवसाला साडेतीन हजार. सगळे झोपलेले असताना. खरं सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं काठी चुकली. पुढच्या रात्री परत केलं, आकडा तोच.

ए विंगेच्या टाकीतून चार लाईन खाली उतरतात, दोन स्वयंपाकघर-बाथरूमच्या आणि दोन फ्लशच्या. तिसऱ्या रात्री फ्लशच्या दोन्ही लाईन बंद करायच्या ठरल्या. करायच्या ठरल्या म्हणतो, कारण त्यातल्या एकीचा गेट व्हॉल्व्ह इमारत बांधल्यापासून कुणी फिरवला नसावा. जोर लावला तर चाकच हातात आलं. प्लंबरला बोलावून तो बदलेपर्यंत अर्धा दिवस ए विंगेत फ्लशला पाणी नव्हतं, आणि त्या अर्ध्या दिवसात मला आलेले फोन मी इथे लिहीत नाही. पण ते चाक एखाद्या रात्री पाईप फुटला असताना हातात आलं असतं तर टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही बघत बसलो असतो. आता वर्षातून दोनदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडतो, आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने लिहिलंय तो कुठे जातो ते.

फ्लशच्या लाईन बंद ठेवून तीन तासांत पातळी उतरली जेमतेम एक सेंटिमीटर. चोर फ्लशमध्ये होता.

रंग

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. देशभरातल्या प्लंबिंगच्या कामात त्या जिल्ह्यातली माणसं भेटतात, तिथे हा पिढ्यांचा धंदा आहे. मी त्याला काठी, सेंटिमीटर, लिटर सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साब, पहले टंकी में रंग डालो." फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा, वीस मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही, मग कमोडमध्ये बघायचं. रंग उतरला असेल तर टाकी आतल्या आत गळतेय.

खायचा रंग मिळाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. दिवाळीत जिलेबीसाठी आणलेला केशरी रंग, अर्धी बाटली उरलेली. "जिलेबी काही जमली नव्हती, निदान हे तरी होऊ दे," म्हणाल्या आणि स्वतःच आमच्याबरोबर दारोदार फिरल्या. याचा मोठा उपयोग झाला. खजिनदार आणि प्लंबर सकाळी दहाला दारात उभे राहून "तुमचं संडास बघायचंय" म्हणाले तर लोक तोंड वाकडं करतात. काकू म्हणाल्या तर चहा मिळतो.

ए विंगेत अकरा घरं उघडी होती. अकरांपैकी सहा कमोडमध्ये केशरी पाणी. त्यातल्या चार घरांनी शपथेवर सांगितलं होतं की आमच्याकडे गळती नाही. ते खोटं बोलत नव्हते. कमोडच्या मागच्या भिंतीवरून कागदाएवढ्या जाडीचा पाण्याचा पडदा उतरत असतो, तो पांढऱ्या चिनी मातीवर दिसत नाही. रंग नसेल तर आणखी एक युक्ती आहे: रात्री झोपताना ती मागची बाजू कोरडी पुसायची, वर्तमानपत्राची पट्टी चिकटवायची, सकाळी ती ओली आहे का बघायचं. बी विंगेत एकच टाकी सापडली, तिची गळती अगदी थोडी.

बारावं घर बंद होतं. मालक अमेरिकेत, दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेले. तिथे कोण पाणी वापरणार, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. प्लंबर सोडेना. किल्ली कोथरूडला त्यांच्या मावशींकडे होती, ती दोन दिवसांनी आली. दार उघडलं तर आतून झऱ्यासारखा बारीक आवाज. फ्लशच्या टाकीतला तरंगता फुगा भिंतीला अडकलेला, पाणी आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून सतत कमोडमध्ये. ए विंगेतल्या सातांपैकी सगळ्यात वाईट गळती ही, आणि त्या घरात माणूस नाही. फ्लशच्या टाकीला पाणी देणारा कॉक, म्हणजे अँगल कॉक, बंद केला, बाहेर पडलो. घर महिनाभर बंद ठेवणारे लोक गॅस बंद करतात, लाईटचं मेन स्विच पाडतात. संडासातल्या त्या एवढ्याशा कॉकला कुणी हात लावत नाही.

आता मोठ्या सातही गळत्या एकाच विंगेत का? याचं उत्तर मला सगळ्यात उशिरा सुचलं, आणि ते माझ्याच वहीत होतं. जानेवारीच्या शेवटी ए विंगेची गच्चीवरची टाकी धुतली होती, बी विंगेची राहिली होती. कामगारांनी तळाचा गाळ ढवळला, बराचसा बादल्यांनी काढला, आणि उरलेला खाली उतरू दिला. तो बारीक वाळूचा गाळ फ्लशच्या टाक्यांत जाऊन बसला, रबरी झाकणाखाली आणि पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी. वाळूचा एक कण पुरतो. रबर नीट बसत नाही, धार चालू राहते. फेब्रुवारीत टँकर वाढले ते उन्हाळ्याने नव्हे, टाकी साफ केल्यामुळे.

सातांपैकी चार टाक्या नुसत्या धुऊन, फुगा सरळ करून दुरुस्त झाल्या. एक पैशाचा सुटा भाग लागला नाही. तिघांचं रबर कडक होऊन चिरलं होतं, ते बदललं. टाकी धुताना खाली उतरणाऱ्या लाईन आधी बंद करायच्या आणि धुऊन झाल्यावर तळाचं पहिलं पाणी वॉशआउटच्या तोटीतून बाहेर सोडायचं, एवढंच करायचं राहिलं होतं. ते सांगायचं काम माझं होतं.

मामा

साडेतीन हजार सापडले. उरलेले तीन हजार?

वॉचमन मामांवरचा आरोप खरा निघाला, पण दोष त्यांचा नव्हता. टाकी भरली की ओव्हरफ्लोचं पाणी इमारतीच्या मागच्या बाजूला पावसाळी पाईपातून खाली पडतं. मामा बसतात पुढच्या गेटपाशी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, वरून पाणी पडल्याशिवाय टाकी भरली हे मला कळणार कसं? आणि पडलेलं दिसायला मागं जावं लागतं. गेट सोडून किती वेळा जाऊ?"

पंप चालू असताना काठी धरली. गच्चीची टाकी मिनिटाला तीन सेंटिमीटर चढते, १८० लिटर. मग तीन दिवस ओव्हरफ्लोचा वेळ मोजला: एकेका टाकीला सरासरी आठ मिनिटं, दोन्ही मिळून दिवसाला सोळा. रोज २,८८० लिटर पाणी वर चढवून पावसाळी गटारात सोडत होतो, त्यातलं टँकरचं पाणी विकतचं. दोन्ही टाक्यांना पातळी बघून पंप बंद करणारा कंट्रोलर बसवला. मामा आता नुसतं बटण दाबतात. सभेत त्यांची माफी कुणी मागितली नाही, हे मला अजून खटकतं.

बारीकसारीक

मोठं काम झालं. नंतर घराघरांत फिरताना जे कळलं त्यातलं थोडं सांगतो.

नळाला हवा मिसळणारी जाळी, म्हणजे एरेटर, आम्ही उत्साहात सगळीकडे लावायला निघालो होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूच्या जलमंडळाने व्यापारी आणि सार्वजनिक जागांत त्या सक्तीच्या केल्या, ते वाचून चेअरमनसाहेबांना चेव आला होता. पण गच्चीच्या टाकीवर चालणाऱ्या इमारतीत सगळे मजले सारखे नसतात. चौथ्या मजल्याच्या नळावर पाण्याची उंची जेमतेम तीन मीटर, पहिल्यावर बाराच्या आसपास. उंची चौपट झाली की धार दुप्पट होते. आमच्याकडे मोजलं तर वर मिनिटाला ६ लिटर, खाली १२. चौथ्या मजल्यावर एरेटर लावला तर नळातून दोरा निघतो. दोन घरांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकले, बरोबर केलं. खालच्या दोन मजल्यांवरच ते ठेवले. तेही नको असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद करा, फुकटात तेच काम होतं.

जुन्या दहा लिटरच्या फ्लशमध्ये एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली ठेवायची, फुग्याच्या आड येणार नाही अशी. वीट ठेवू नका, ती झिजते आणि पुन्हा वाळूचीच कथा. दोन-दोन बाटल्याही ठेवू नका; जुन्या कमोडला तेवढं पाणी लागतंच, कमी पडलं की माणूस दोनदा फ्लश करतो. बदलायचाच झाला तर तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांचा घ्यावा, पण चालू कमोड फोडून तो बसवण्यात आत्ता अर्थ नाही.

आणि नळ पिळणं. आमच्या पिढीला नळ गच्च पिळल्याशिवाय चैन पडत नाही. जुन्या स्पिंडलच्या नळात त्याने वॉशर चेमटतो, मग आणखी जोराने पिळावं लागतं, मग पितळी बैठकच खराब होते आणि पाच रुपयांच्या वॉशरचं काम अख्ख्या नळावर जातं. बी विंगेतला तो कुप्रसिद्ध नळ असाच गेला होता. वॉशर बदलला, दहा मिनिटं.

शिळं पाणी ओतण्याबद्दल मी सभेत बोललो आणि तोंडावर आपटलो. सकाळी नवं पाणी आलं की कालचं पिंप, हंडा, कळशी मोरीत रिकामी करायची, ही सवय आपल्या घरांत फार जुनी. झाकून ठेवलेलं कालचं पाणी आणि टाकीतून आलेलं आजचं पाणी यांत फरक काय, टाकीतलंही कालचंच आहे, हे मी गणितासकट मांडलं. काकू म्हणाल्या, "आकडे राहू देत. मी ते झाडांना घालीन, पण पिणार नाही." ठराव त्याच शब्दांत मंजूर झाला. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही आता बऱ्याच घरांत बादलीत जातं आणि फरशी त्याने पुसली जाते.

खर्च आणि नंतर

फ्लशचे तीन संच १,३५०, एक गेट व्हॉल्व्ह ९००, कंट्रोलर आणि वायरिंग ६,८००, मजुरी ३,०००, बारा एरेटर ९६०, वॉशर आणि किरकोळ ३४०. एकूण १३,३५० रुपये. दहा टँकरसुद्धा नाहीत.

कामं एप्रिलच्या मध्याला संपली. १६ ते २७ एप्रिल या बारा दिवसांत, मुलांच्या परीक्षा चालू असल्याने सगळी घरं भरलेली असताना, एक टँकर लागला. रोजचा वापर साधारण १३,६०० लिटर, माणशी १५८. म्हणजे १३५ वर अजून आलो नाही आहोत. ए विंगेची रात्रीची उतरण नऊवरून दोन सेंटिमीटरवर आली, आणि माझा जास्त भरवसा या दुसऱ्या आकड्यावर आहे, कारण टँकरचा आकडा महापालिकेने पाणी कमी-जास्त सोडलं की बदलतो. या हिशेबाने महिन्याला चौदा टँकर वाचतात, सुमारे वीस हजार रुपये. विजेच्या बिलात मात्र फार फरक पडला नाही. दोन हॉर्सपॉवरचा पंप रोज अर्धा तास कमी चालला म्हणून महिन्याला पंचवीस-तीस युनिट. सभेत वीजबचतीवर टाळ्या मागणाऱ्या चेअरमनसाहेबांना मी ते सांगितलं, ते जरा खट्टू झाले.

काठी आता पंपाच्या खोलीत दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली असते आणि शेजारी वही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री एकला आणि चारला कुणीतरी एक जण गच्चीवर जातो. आळीपाळीने, फ्लॅट क्रमांकाप्रमाणे. जूनची पाळी गाडी धुणाऱ्या गृहस्थांची होती. त्यांनी नोंद केली: ए दोन, बी चार. खाली स्वतःहून लिहिलं होतं, "बी विंगेची टाकी मे महिन्यात धुतली होती. धुताना लाईन बंद केल्या होत्या का?" केल्या नव्हत्या. काकूंकडे रंगाची बाटली अजून पाव शिल्लक आहे.